पंचेचाळिसावी ओळ

द्रागोमामानं तो ऑस्ट्रियातून आणला,
कॉफीच्या आणि साबणाच्या पुड्यांखाली दडवून.
ल्युबेलच्या घाटात कस्टमवाल्यानं हटकलं, तेव्हा म्हणाला,
भाचीची पाटी आहे.
फारसं खोटं नव्हतं.
खोडरबरासारखी मऊ बटणं,
आणि पडदा म्हणून स्वयंपाकघरातला कृष्णधवल टीव्ही,
जो बातम्यांच्या वेळी आईला परत द्यावा लागे.

मी अकरा वर्षांची. इंग्रजीतले माझे पहिले शब्द
हॅलो नव्हेत, थँक्यू नव्हेत.
प्रिंट. लेट. इफ. देन.
कुणी इंग्रज भेटलाच असता
तर त्याला मी नुसते हुकूम सोडले असते.

पुस्तक सांगे, ओळींना नंबर द्या,
पण एक, दोन, तीन नकोत.
दहा, वीस, तीस. मध्ये जागा ठेवा.
का ते मला कळेना.
त्सिरिल आजोबांना लगेच कळलं.
माश्यांच्या डिंकानं कायमचं तपकिरी झालेलं बोट
खिडकीबाहेर रोखून म्हणाले, माझ्या पेट्या वाच.
दहा, निळी. वीस, पिवळी. तीस, गेरूची.
जूनमध्ये दहामधून मोहोळ उठलं
की नव्या घराचा नंबर अकरा.
पोरं कुणाची, ते विसरायला नको.

कॅसेट लावली की टेप किंचाळायचा, पाच-पाच मिनिटं.
आई कानांवर हात ठेवून परसात जायची.
आजोबा वाकून ऐकायचे,
पेटीला कान लावावा तसे.
एकदा निदान केलं: यांच्यात राणी नाही.
त्या दिवशी प्रोग्रॅम खरंच चढला नाही.
पुढे मी त्यांनाच विचारू लागले.

माझा पहिला प्रोग्रॅम दोन ओळींचा.
१० प्रिंट चेबेला.
आमच्या भाषेत मधमाशी.
२० गोटू १०.
पण यंत्राकडे टोपीवाला च नव्हताच.
त्सेबेला, उमटलं पडद्यावर,
त्सेबेला त्सेबेला त्सेबेला
पार तळापर्यंत, आणि मग यंत्र थांबून विचारतंय,
अजून सरकवू?
आजोबांना हसता हसता ठसका लागला.
अगं, टोपी पडली हिची. थंडी वाजेल.

तीन संध्याकाळी चौकटीच्या वहीत
आठ बाय आठची घरं काळी करत बसले.
एकेका रांगेचा एकेक आकडा.
वरच्या दोन रांगा टोपीच्या: चाळीस, सोळा.
बाकीच्यात च चा पोकळ पोटाचा वळसा.
चौथ्या संध्याकाळी चेबेला उभी राहिली,
टोपीसकट, जराशी तिरपी.
आणि वीज गेली.

कॅसेटवर उतरवून ठेवलंच नव्हतं मी.
वीज आली तेव्हा यंत्राला टोपी ठाऊक नव्हती,
मीही ठाऊक नव्हते.
रडले. आजोबांनी समजूत काढली नाही.
मार्चमध्ये पेटी उघडतो, म्हणाले,
कधी कधी तळाला नुसता मेलेल्या माश्यांचा थर असतो.
मग काय करता?
पेटी खरवडतो. धुतो. उन्हात ठेवतो.
आणि वही माझ्यापुढे सरकवली.

आता मी ज्या भाषांत पोटापुरतं लिहिते
त्यांत ओळींना नंबर नसतात.
कुठंही घुसता येतं, जागा राखावी लागत नाही.

परवा सामान आवरताना ती वही निघाली.
मधाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम:
चाळीसला चौकटी किती ते विचारायचं,
पन्नासला गुणाकार.
दोन्हींच्या मध्ये, शिसपेन्सिलीनं,
पेटीवर रंगवायचे तशा ठळक अक्षरांत:

४५ रेम आज बर्फ. माश्या गप्प. नेझ्का टोपी न घालता शाळेत गेली.

रेम मीच शिकवलं होतं त्यांना.
ही ओळ यंत्र वाचत नाही, म्हटलं होतं,
ओलांडून पुढे जातं.
मग ती कुणासाठी, त्यांनी विचारलं होतं.
बातम्यांची वेळ होत आली होती.
मी घाईत होते.